साखर आहे ती, मेपलची

मागच्या महिन्यात पुण्याला माझ्या धाकट्या भावाचा वाढदिवस झाला. भाचीने घरीच केक केला होता. छान तपकिरी, वर अक्रोडाचे तुकडे, आणि मधोमध काडीला चिकटवलेली एक कागदी पाटी : ‘शुगर-फ्री’. भाऊ गेली एकोणीस वर्षं मधुमेही आहे. पाटी वाचून त्याचा चेहरा असा काही खुलला की बस्स. त्याने बशी पुढे केली, भाचीने चांगला जाड तुकडा वाढला, आणि मी (स्वभावाला औषध नाही) विचारलं, "गोड कशाने केलायस गं?"

"मेपल सिरपने, मावशी. एक कप घातलंय. साखरेचा कणसुद्धा नाही! मामासाठी मुद्दाम."

मी भावाच्या हातातली बशी काढून घेतली. सगळ्यांसमोर. वाढदिवसाच्या माणसाच्या हातातून.

पुढचं काही सांगत बसत नाही. तीन दिवस घरच्या ग्रुपवर मला समजावणं चाललं होतं. ‘मावशीला अजून वर्गात असल्यासारखं वाटतं’ असंही कुणीतरी लिहिलं. कुणी ते मला माहीत आहे आणि ती व्यक्ती हे वाचते हेही माहीत आहे. भाचीशी माझं बोलणं झालंय, तिच्या परवानगीनेच हा प्रसंग लिहितेय. बशी काढून घेण्याची पद्धत चुकली, हे मला कबूल. कारण मात्र चुकलं नव्हतं, आणि ते कारण ग्रुपवर तुकड्यातुकड्यात सांगून कुणी ऐकेना, म्हणून आज सविस्तर.

आधी सरळ हिशेब करू. तेहतीस वर्षं फळ्यावर हिशेब मांडले, हा एक आणखी.

मेपल सिरप म्हणजे मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेला पाक. त्यात सुमारे ६६ ते ६७ टक्के साखर असते. ही साखर म्हणजे मुख्यतः सुक्रोज, म्हणजे अगदी तीच, जी आपल्या डब्यात पांढऱ्या दाण्यांच्या रूपात आहे. उरलेलं बहुतेक पाणी. आता गंमत बघा. सिरप वजनाला जड असतं. एक कप सिरप भरतं सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे त्यात साखर किती? २०० ग्रॅम तरी. आणि एक कप साध्या साखरेचं वजन किती? तेही २००. म्हणजे भाचीने साखरेचा कप बाजूला ठेवला आणि साखरेचाच कप ओतला! केकचे दहा तुकडे केले होते. प्रत्येक तुकड्यात वीस ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच चमचे साखर. कणीक वेगळी. वर पाटी ‘शुगर-फ्री’.

यावर ग्रुपवर उत्तर आलं ते ग्लायसेमिक इंडेक्सचं. मेपलचा साधारण ५४ सांगतात, साखरेचा ६५. बरं, मान्य. हा आकडा म्हणजे रक्तातली साखर किती वेगाने चढते त्याचं माप. पण पासष्टऐवजी चौपन्नच्या वेगाने गेलात म्हणून रस्ता वेगळ्या गावाला जातो का? दुसरं उत्तर खनिजांचं. सिरपमधे मँगेनीज बरंच असतं हे खरं, रायबोफ्लेविनही असतं. मग मँगेनीज हवं असेल तर मूठभर हरभरे खा ना! नाचणी खा. मँगेनीजसाठी पाक प्यायचा म्हणजे पुस्तकातला पिंपळाच्या पानाचा बुकमार्क आवडला म्हणून पुस्तक खरेदी करण्यासारखं आहे.

तिसरं उत्तर सर्वांत लाडकं : ‘ते नॅचरल आहे, झाडाचं आहे.’ मग ऊस काय कारखान्यात उगवतो? आणि ‘प्रक्रिया न केलेलं’ म्हणाल, तर चाळीस लिटर रस तासन्‌तास उकळून एक लिटर उरवणं ही प्रक्रिया नाही तर काय आहे? गुळाचंही आपण हेच करतो. साखर सोडली म्हणून अभिमानाने सांगायचं आणि गुळाचा चहा दिवसातून चार वेळा घ्यायचा. असो, गुळाकडे पुन्हा येतेच.

तुम्ही म्हणाल, बाईंना मेपलचा एवढा राग का? राग नाही हो. उलट आहे. मला तो पदार्थ मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्याला औषधाच्या कपाटात कोंबलेलं मला बघवत नाही.

माझी मुलगी ऑटवात राहते. २०१८ साली मी तिच्याकडे हिवाळ्याअखेर गेले होते. मार्चमधे एका रविवारी ती आणि जावई मला तिथल्या लॅनार्क परगण्यात घेऊन गेले. तो सगळा भाग मेपलसाठी प्रसिद्ध. गुडघाभर बर्फ, पानं नसलेली काळी उंच झाडं, आणि प्रत्येक झाडाला टांगलेली पत्र्याची बादली. बहुतेक ठिकाणी आता बादल्या जाऊन प्लॅस्टिकच्या नळ्यांचं जाळं आलंय, रस थेट टाकीत येतो. या शेतकऱ्याने काही झाडांना हौसेने बादल्या ठेवल्या होत्या. रात्री पाणी गोठायला हवं आणि दिवसा वितळायला हवं, असं हवामान जे चारसहा आठवडे टिकतं तेवढाच हा हंगाम. मी बादलीत बोट बुडवून चाखलं. पाणी! जेमतेम दोन टक्के साखर. नीट लक्ष दिलं तर जिभेच्या टोकाला किंचित गोडी.

मग आम्ही त्याच्या खोपटात शिरलो आणि मी दारातच थबकले. वाफ, धूर, उकळत्या पाकाचा घमघमाट. चुलवाणावर लांबरुंद पसरट कढई, खाली लाकडं धडधडतायत, आणि एक माणूस डाव घेऊन धार बघतोय. मला एकदम माझ्या काकांचं गुऱ्हाळ दिसायला लागलं. कोल्हापूरजवळ आमचं गाव. थंडीत गुऱ्हाळ लागलं की आम्ही पोरं काहिलीभोवती. गुळव्या असाच डाव वर करून धार बघायचा, आणि तो ‘उतरवा’ म्हणेपर्यंत कुणी श्वास घ्यायचं नाही. इथे मात्र डोळ्याच्या जोडीला तापमापक होता. पाणी उकळतं त्याच्यापेक्षा चार अंश वर, म्हणजे १०४ च्या आसपास गेलं की सिरप झालं. आपल्या भाषेत एकतारीच्या जरा अलीकडचा पाक.

त्याच्याही पुढे आटवलं, १२५ अंशांच्या आसपास नेलं आणि उतरवून घोटत राहिलं की पाणी जवळजवळ सगळं जातं आणि भुरभुरीत, फिक्या तपकिरी रंगाची मेपल साखर होते. एका लिटरची साधारण नऊशे ग्रॅम. आणि मुळात हीच साखर आधीची. युरोपातली माणसं त्या प्रदेशात येण्याच्या कितीतरी आधीपासून अनिशिनाबे, हॉडेनोसॉनी अशा तिथल्या मूळ लोकांना ही विद्या होती. साखर भूर्जाच्या सालीच्या डब्यांत भरून वर्षभर ठेवायची, रांधताना वापरायची. पातळ सिरप बाटलीत भरून ठेवण्याचं महत्त्व पुढे वाढलं, उसाची साखर स्वस्त झाल्यावर.

मी शेतकऱ्याला जावयांमार्फत विचारलं, हे तब्येतीला चांगलं ना? तो हसला. म्हणाला, साखर आहे ही, चांगली लागते म्हणून खायची. मी तेव्हा हे वाक्य कानाआड केलं. आणि याच ठिकाणी माझा स्वतःचा गुन्हा येतो.

मे महिन्यात परत येताना मी बॅगेत अर्ध्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या आणल्या. भावासाठी. कुठल्याशा आरोग्य-लेखात वाचलं होतं की मधुमेहींना मेपल चालतं. जे हिशेब वर मांडले ते त्या वेळी मला करता येत नव्हते असं नाही. केले नाहीत. त्याच्या हातात बाटल्या देताना मी म्हटलं, "हे घे, हे तुला चालतं." मोठी बहीण, त्यातून शिक्षिका, त्यातून कॅनडाहून आलेली. तो कशाला शंका घेतोय? सकाळी नाचणीच्या आंबिलीत दोन मोठे चमचे, रात्री दुधात एक. एका मोठ्या चमच्यात बारा-तेरा ग्रॅम साखर. रोजची जवळजवळ चाळीस ग्रॅम, तीही ‘पथ्य’ म्हणून! माझ्या बाटल्या महिन्याच्या आत संपल्या, तर पुतण्याने आणखी मागवून दिल्या. बरं वाटतंय असं समजून त्याने संध्याकाळची गोळीही आपल्या मनाने सोडली. मला कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

सप्टेंबरात तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा तो आकडा ७.२ वरून ९.१ वर गेला होता. दिवाळीत पायाच्या अंगठ्याला चपलेचं लागलं. साधं खरचटणं. ते भरायला होळी उजाडली. मधे एक वेळ अशी आली होती की डॉक्टर अंगठ्याबद्दल वहिनीशी बाहेर जाऊन बोलले. अंगठा वाचला. सगळा दोष सिरपचा नव्हे, सोडलेल्या गोळीचाही आहे, हे डॉक्टरांनीच सांगितलं. पण गोळी का सोडली? कारण अक्काने आणलेलं ते ‘चालतं’.

भावाने मला एका शब्दाने बोल लावला नाही. म्हणून म्हणते, ती बशी मी का काढून घेतली ते आता तरी कळावं.

कुठल्याही गोडाला पुण्याच्या वेष्टनात गुंडाळून विकणं नवीन नाही म्हणा. अमेरिकेत १७९० च्या दशकात फिलाडेल्फियाचे डॉक्टर बेंजामिन रश यांनी मेपल साखरेचा जोरदार पुरस्कार केला. कारण उसाची साखर वेस्ट इंडीजच्या मळ्यांतून यायची आणि गुलामांच्या घामारक्ताची होती. जेफरसनलाही ही कल्पना पटली. त्याने १७९१ मधे व्हर्जिनियात आपल्या घरी मेपलची झाडं आणून लावली, ती काही धड जगली नाहीत. (आणि त्याच्या घरी राबणारी माणसं गुलामच होती, तो विषय वेगळा.) पण तिथे निदान पुण्याचा दावा खरा होता. ती साखर खरोखर गुलामांनी बनवलेली नव्हती. ‘शुगर-फ्री’ मधे काय खरं आहे?

औषध म्हणून घेण्याचा आणखी एक तोटा होतो, त्याबद्दल मला जास्त चीड आहे. औषधाची चव कोण बघतं? मग वाटेल ती बाटली आणली जाते. दुकानात ‘पॅनकेक सिरप’ नावाने जे मिळतं ते बहुतांश मक्याचा पाक, रंग आणि वास. कॅनडात त्याला ‘मेपल सिरप’ म्हणायला कायद्याने बंदी आहे, मेपल म्हणायचं तर फक्त मेपलचाच रस हवा. बाटलीमागची बारीक अक्षरं वाचा. घटकांच्या यादीत एकच नाव असलं पाहिजे.

आणि तो नकली वास कशाचा असतो माहीत आहे? अनेकदा मेथीचा! चेष्टा नाही. मेथीदाण्यात सोटोलोन नावाचं एक द्रव्य असतं, त्याचा वास हुबेहूब मेपलसारखा. २००५ पासून न्यूयॉर्कमधे अधूनमधून सगळ्या शहरावर मेपल सिरपचा वास पसरायचा, लोक घाबरून फोन करायचे, कुणी म्हणे हा घातपात. शेवटी २००९ मधे महापौर ब्लूमबर्ग यांनी जाहीर केलं की नदीपलीकडे न्यूजर्सीत एका कारखान्यात मेथीवर प्रक्रिया होते, वास तिथला. हे वाचून मी डिंका-मेथीच्या लाडवांचा डबा उघडून हुंगला. आहे बरं का! तूप आणि खारकेच्या मागे आहे. म्हणजे मेपलच्या वासाचा शोध लावायला आपल्याला कॅनडात जायची गरजच नव्हती, बाळंतिणीच्या खोलीत होताच तो.

आता रंगाचं. इकडून कुणी तिकडे गेलं की सांगतात, ‘सर्वांत फिकं, सोनेरी आणा हं, ते शुद्ध.’ कुणी सांगितलं? हंगामाच्या सुरुवातीचा रस फिका होतो, शेवटाकडे उबदार दिवसांत रसातले सूक्ष्मजीव वाढतात, साखरेचं थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं, ते आटताना जास्त काळवंडतं. गडद म्हणजे भेसळ नव्हे, उशिराचा रस. पूर्वी अमेरिकेत या गडद सिरपला ‘बी’ श्रेणी होती आणि ‘बी’ म्हणजे कमअस्सल असं लोक समजत. २०१५ पासून सगळी चांगली सिरपं ‘ए’ झाली, फक्त रंगाने ओळखायची : गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क. सोनेरी सिरप धिरड्यावर वरून घालायला छान. पण ते केकच्या पिठात घातलंत तर ओव्हनमधून बाहेर येताना नुसती गोडी उरते, मेपल कुठे गेलं ते सापडत नाही. रांधायला आणि भाजायला डार्कच. शक्य तर व्हेरी डार्क.

फिक्याच्या या वेडाने आपण आपल्या गुळाचं काय केलं ते कोल्हापूरकरांनी तरी विसरू नये. काकांच्या गुऱ्हाळात मळी काढायला भेंडीच्या रोपांचा चिकट रस घालत, आणि गूळ उतरायचा तो तांबूस-तपकिरी. मग बाजारात पिवळ्याधमक ढेपेला भाव आला. भाव आला तशी हायड्रॉसची पूड आली. गूळ दिसायला सोन्यासारखा आणि चवीला नुसता गोड. आज परत ‘सेंद्रिय काळा गूळ’ म्हणून दुप्पट पैसे मोजतो आपण. रंग बघून गोड घेणाऱ्यांनी मेपलवर तरी दया करावी.

बरं, मग बाईंचं म्हणणं काय, वापरायचंच नाही? छे! भरपूर नाही, पण मनापासून वापरा. साखरेच्या ठिकाणी साखर म्हणून वापरा, चवीसाठी. मुलीच्या स्वयंपाकघरात मी दोन हिवाळे जे प्रयोग केले त्यातले सांगते.

केकमधे एक कप साखर असेल तर पाऊण कप सिरप घ्या, आणि कृतीतलं दूध किंवा पाणी तीन मोठे चमचे कमी करा. हे विसरलात तर मधे गचका बसतो, मी विसरले होते. सिरप किंचित आंबटपणाकडे झुकलेलं असतं, म्हणून पाव चमचा खायचा सोडा जास्त. ओव्हन नेहमीपेक्षा पंधरा अंश खाली, कारण वरून लवकर करपतं. मेपल साखर असेल तर यातलं काहीच नको, साखरेच्या जागी तेवढीच साखर. नानकटाई मेपल साखरेची करून बघा. मी ऑटवात केली तेव्हा जावई डबा घेऊन तळघरात गेले ते रिकामा घेऊनच वर आले.

एक जपायचं. वेलदोडा आणि मेपल यांचं जमत नाही. कुस्ती होते आणि दर वेळी वेलदोडा जिंकतो. शिऱ्यात मी तो प्रयोग केला, मेपल कुठे होतं ते फक्त मलाच माहीत. जायफळ चालतं, सुंठ तर उत्तम. आणि कृपा करून ‘मेपलची पुरणपोळी’ करू नका. हरभऱ्याच्या डाळीला गुळाचाच नेट लागतो. तिथे मेपल म्हणजे लग्नात चुकून आलेला पाहुणा. बिचारा कोपऱ्यात बसून राहतो.

चिक्की मात्र फर्मास. नुसतं सिरप आटवायचं. मी पहिल्यांदा गोळीबंद पाकावर थांबले, तर चिक्की दाताला चिकटून दोन दिवस आठवण देत राहिली. थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला की टण् वाजला पाहिजे, तिथवर न्यायचं, मग भाजलेले दाणे. कवळी असलेल्यांनी नातवंडांना द्यावी.

घरी मेपल साखर करायला गेले तो दिवस मुलगी अजून काढते. सिरप आटताना असं फसफसून वर येतं की दुधाला लाजवेल. मी पातेलं लहान घेतलं आणि फोनवर बोलत राहिले. शेगडी, ओटा, जमीन, सगळीकडे पाक, आणि तो थंड होऊन काच झालेला. दोन माणसं दोन तास खरवडत होतो. तिथल्या लोकांची युक्ती साधी आहे : वर यायला लागलं की लोण्याचा एक थेंब टाकायचा, फेस खाली बसतो. आणि पातेलं चौपट मोठं घ्यायचं. आणि फोन घ्यायचा नाही.

क्युबेकची बायामाणसं याच्या कितीतरी पुढे आहेत. जगातल्या मेपल सिरपपैकी सुमारे ७० टक्के त्या एका प्रांतात होतं. तिथे त्याची राखीव कोठारं आहेत, २०११-१२ मधे तिथल्या एका कोठारातून जवळपास तीन हजार टन सिरप चोरीला गेलं होतं! हे लोक पाहुणे म्हणून नाही, घरचं म्हणून मेपल वापरतात. ‘ग्रां-पेर’ म्हणजे आजोबा, असं नाव असलेला त्यांचा पदार्थ आहे : पिठाचे गोळे उकळत्या सिरपमधे सोडून शिजवायचे, थेट आपल्या वरणफळांच्या चालीने. आणि ‘पुडिंग शोमर’, बेकारांचं पुडिंग. १९२९ च्या मंदीत मॉन्ट्रियलच्या कामकरी बायकांनी काढलेलं म्हणतात. मैदा, लोणी, थोडं दूध यांचं साधं पीठ, त्यावर गरम पाक ओतून भाजायचं. भाजताना केक वर येतो आणि पाक खाली जाऊन त्याची दाट चटणी होते. तेव्हा मेपल परवडत नसे, साधी तपकिरी साखर घालत, आता मेपल घालतात. यातल्या एकाही पदार्थाला कुणी ‘हेल्दी’ म्हणत नाही. वाटीभर करतात, चार जणांत खातात, बोटं चाटतात.

‘पण मावशी, साखरेपेक्षा थोडं तरी बरं ना?’ हा भाचीचा शेवटचा प्रश्न होता, आणि प्रामाणिक होता. थोडं तरी बरं असेलही. चव दांडगी असल्याने थोडक्यात भागतं, हा खरा फायदा, तो मी मान्य करते. पण त्यासाठी थोडकं घ्यावं लागतं ना! ‘शुगर-फ्री’ ची पाटी लावली की माणूस थोडकं घेत नाही. दुसरा तुकडा मागतो. भावाने त्या दिवशी पहिला तुकडा तोंडात घालायच्या आधीच दुसरा सांगून ठेवला होता. निरोगी माणसाने स्वतःला फसवलं तर त्याचा तो जाणे. पथ्यावरच्या माणसाला, आणि तेही प्रेमाने, फसवायचं नाही.

परवा भाचीचा फोन आला. मैत्रिणीच्या मुलाच्या बारशाला तिला तोच केक करायचाय, पाटीवर काय लिहू म्हणून विचारत होती. मी म्हटलं, ‘मेपल आणि अक्रोड’ लिही, खाणाऱ्याने विचारलं तर आत साखर किती ते सांग, आणि या वेळी सिरप डार्क घे. भाऊ मागे बसला होता, त्याने फोन हिसकावून विचारलं, "अक्का, मला किती चालेल?" मी म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना विचार, मी आता कुणाला ‘चालतं’ म्हणायची नाही. नंतर कळलं, जेवणानंतर बोटभर, आणि त्या दिवशी भात नाही, असं ठरलंय. त्यात तो खूश आहे.

फेब्रुवारीत मी पुन्हा मुलीकडे जाणार आहे. काय काय आणू याच्या याद्या यायला लागल्यात. मेपल साखर आणीन, ज्यांना हवी त्यांनी कळवा, पाव पाव किलोच मिळेल. भावासाठी लोकरीचे मऊ मोजे आणायचेत, घट्ट शिवण नसलेले. माप घेऊन ठेवलंय.